पप्पांची बोट विजेवर

पप्पा गेले. त्यांचे कपडे वाटून टाकले, स्कूटर काकांनी नेली. राहिली ती बोट. दोन हात लांब, लालभडक, रिमोटवर चालणारी, आणि तिच्या पोटात गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल इंजिन. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या घरघरीत जन्म काढलेला माणूस रिटायर झाल्यावर करणार काय? आईला वाटलं, भजनाला जाईल. पप्पांनी फायबरची बोट करायला घेतली!

आमचं घर नाशिक रोडच्या पार बाहेर. मागे द्राक्षाची बाग, बागेपलीकडे शेततळं. बागवाला पप्पांचा दोस्त. रविवारी सकाळी पप्पा बोट काखोटीला मारून तळ्यावर जायचे आणि मग जी भर्रर्र सुरू व्हायची, की विचारू नका. “लय झालं बाई या माणसाचं, डोकं उठवलं नुसतं!” आई भांडी आपटत म्हणायची. चांदवडची ती, जीभ फटकळ. पेट्रोलच्या वासाने तर तिचा जीव वर यायचा. “अहो, दुनिया करंटवर चालली, तुमचं पेट्रोल कधी सुटायचं?”

“आवाज नाही तर मशीन कसलं?” पप्पा म्हणायचे.

एवढं भांडण, पण पप्पा तळ्यावरून येऊन दारात चपला काढतात न काढतात तोच आई आलं घातलेला चहा गाळत असायची. दर रविवारी. हे तिला बरोबर कसं जमतं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. ते गेल्यावर हा चहा बंदच झाला. रविवारची सकाळ नुसती अंगावर यायची. मला पप्पा हवे होते. ते काही मिळणार नव्हते. निदान तो चहा तरी परत हवा होता.

बोट पुन्हा तळ्यावर गेली तर चहाही होईल, म्हणून मी ती माळ्यावरून काढली. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, पण इंजिन ढिम्म. आत राहिलेल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. मेलं ते इंजिन! म्हटलं, नाहीतरी आईला करंटवरचीच हवी होती ना, करूनच टाकू.

मोटर, तिचा कंट्रोलर आणि बॅटऱ्या ऑनलाइन मागवल्या. मोटर बोटीच्या पंख्याच्या दांड्याला जोडायचा तुकडा सिन्नर फाट्याच्या लेथवाल्याकडून करून घेतला. इंजिन उचललं तर खाली रबराचे चार तुकडे, निळ्या पट्ट्यांचे. आईला दाखवले. ती बघतच राहिली.

“अगं, ही माझी स्लिपर! किती शोधली मी!”

इंजिनाची थरथर कमी व्हावी, घरात आवाज कमी जावा, म्हणून पप्पांनी तिचीच चप्पल कापून इंजिनाखाली घातली होती. सांगितलं मात्र कधी नाही. आई त्यातला एक तुकडा अंगठ्याने चोळत कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, “राहू दे तसेच.” मी मोटरही त्या तुकड्यांवरच बसवली.

कपडे भिजवायच्या मोठ्या टबात बोट सोडली तर नाक पाण्यात. बॅटऱ्या मागे सरकवल्या, पुन्हा सोडली, पुन्हा सरकवल्या. शेवटी सरळ तरंगली. मग पप्पा करायचे तसा स्क्रूड्रायव्हर मोटरला टेकवून आतला आवाज ऐकायला त्याची मूठ कानाला लावली. बारीक गुणगुण, बाकी काही नाही. वाटलं, पप्पा असते तर तोंड वाकडं केलं असतं.

रविवारी आईला म्हटलं, “चल की तळ्यावर.” ती नाही म्हणाली. “मी कधी गेले होते? तू जा. मी आहे इथंच.”

बोट सुटली ती सुसाट. ना धूर, ना वास. पाणी कापल्याचा सळसळाट तेवढा. बागेतले पक्षीसुद्धा उडाले नाहीत. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण कुणाकडे बघून ओरडू? पप्पा, बघा ना हो, असं तोंडातून निघूनच गेलं. बॅटरी उतरत आली तशी बोट काठाला घेतली आणि बांधावरून जवळजवळ पळतच घरी आले. आल्याचा वास येईल म्हणून दारातच थबकले.

वास नव्हता. आई ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. गॅसवर पातेलं, पातेल्यात पाणी, आलं ठेचून ठेवलेलं. गॅस बंद. मागची खिडकी सताड उघडी होती आणि तिचा कान तिकडे होता.

“चालली नाही का गं?” तिने विचारलं.

“चालली की! झकास चालली. अख्खं तळं फिरली.”

“मला वाटलं, सुरूच झाली नाही.” ती पदराशी चाळा करत राहिली. “त्यांची भर्रर्र थांबली की मी चहा ठेवायचे. बांधावरून येईस्तोवर उकळायचा. आज कधीची कान लावून बसलेय.”

बोट हातातच होती, तिचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. एरवी आई केवढी ओरडली असती.

“थांबली का मग?” तिने पुन्हा विचारलं.

“थांबली, आई.”

तेव्हा तिने उठून गॅस पेटवला.