नामदेवभाऊंची जादा काच

नामदेवभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी पिपरी मेघेच्या बाजारात वांग्यांवरून घासाघीस करत होते... वांगी तशीच राहिली. तीन आठवड्यांपूर्वीच भाऊ गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्या पॅथॉलॉजी विभागात आले होते आणि नव्या यंत्राला मनसोक्त नावं ठेवून गेले होते.

रुग्णाच्या पोटातला तुकडा मेणात बसवून त्याचे काप काढायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं केलं. सुरीखालून मेणाची पट्टी शेवईसारखी निघून कोमट पाण्यावर तरंगायची आणि भाऊ मागितल्यापेक्षा एक काप जास्तच काचेवर घ्यायचे. कशाला, विचारलं की म्हणायचे, "राहू द्या मॅडम, लागते."

मी तेव्हा नवी डॉक्टर, आणि स्वतःच्या मते फार हुशार. जठराचा एक कर्करोग उघडा असतो, पेशी घोळक्यानं वेड्यावाकड्या नळ्या बांधतात. दुसरा लबाड. पेशी सुट्या विखुरतात, चिकट द्रावानं फुगतात आणि केंद्रक अंगठीच्या खड्यासारखं कडेला सरकतं. वडनेरच्या शोभाताईंच्या तुकड्यात अशा फुगीर पेशी दोनचारच होत्या. सफाई करणाऱ्या साध्या पेशीही कधी अशाच फुगतात. मी लिहून टाकलं, साधी सूज.

भाऊंनी रिपोर्ट पुढे पाठवलाच नाही. जादा काच त्या चिकट द्रावाला गुलाबी करणाऱ्या रंगात रंगवून माझ्यापुढे ठेवली. "तपासणीच्या कागदावर लिहून हाये, चार महिन्यांत बारा किलो उतरली. साध्या सुजीनं इतकं उतरते काय?"

मी फणकारले, "भाऊ, डॉक्टर मी आहे."

"हो ना. म्हनूनच तुमाले दाखवून राह्यलो."

सफाईच्या पेशी फिक्या राहिल्या असत्या. या गुलाल खेळून आल्यासारख्या होत्या. म्हणजे तो लबाड कर्करोगच. रिपोर्ट मीच फाडला. भाऊ म्हणाले, "चहा सांगू?" तेवढंच.

शस्त्रक्रियेत शोभाताईंचं अर्धं जठर गेलं, त्या वाचल्या. भाऊंच्या तेरवीला थोडंथोडं करत तीनदा जेवल्या, वरण पातळ झालं म्हणून वाढणाऱ्याला झापलंही. मग मला म्हणाल्या, "भाऊ सांगत, मॅडमनं पयल्याच नजरेत पकडलं."

मी वाटी खाली ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. "असाच होता तो मानूस," म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

काल भाऊंचा खण आवरला. तळाशी ती गुलाबी काच, कापसात गुंडाळलेली. कडेला पेन्सिलनं लिहिलेलं, 'मॅडमनं पकडलं.' मी रबर घेतलं, पहिला शब्द पुसला आणि तिथे लिहिलं, 'भाऊनं'. मग कामाला बसले. नव्या तुकड्याच्या दोन काचा पुरल्या असत्या, मी तीन मागितल्या.