आठची मराठी उपासना

आमच्या आनंद नगरच्या चर्चमध्ये रविवारी आठची उपासना मराठीत व्हायची. कारखान्यात जन्मभर हिंदी बोललो, पण देवाशी मराठीतच बोलणार, हा माझा हट्ट. शेवटी आम्ही चार म्हातारेच उरलो. दहाच्या हिंदी उपासनेला मात्र लोक दाराबाहेर उभे राहायचे. पाळक म्हणाले, "काका, आठची वेळही हिंदीला द्यावी म्हणतो. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार."

घरी येऊन प्रार्थनेला बसलो. "प्रभू, तुझी इच्छा होवो. फक्त आठची वेळ आमची राहू दे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, इच्छा त्याची आणि वेळ तुमची? मग त्याला विचारता कशाला?"

राग आला. जेवलो नाही. पण ती खोटं बोलली नव्हती. सगळं देवाला वाहिलं म्हणून मी चारचौघांत मिरवायचो, आणि हट्ट तेवढा जवळ ठेवला होता.

पुढच्या रविवारी मीच उभं राहून वेळ सोडली. आता आठला पहिल्या बाकावर बसून हिंदी गीतं बोट ठेवून वाचतो. चौथी शिकलेला माणूस, चुकतो. जिवावर येतं. पण देवाला दिलेलं परत मागणार नाही.