देशमुखांचा चेंडू

तेल लावलेल्या चामड्याचा वास आला की मला हिंगोलीतलं कापसाच्या जिनिंग कारखान्यामागचं मैदान आठवतं. निझामाच्या राजवटीत आमच्या गावचा फुटबॉलचा संघ दर सामन्यात मार खायचा. एका संध्याकाळी असेच हरून आल्यावर आम्ही खेळाडू आणि बघे चहाच्या हॉटेलात तावातावानं भांडत होतो. कुणी म्हणे बाहेरून खेळाडू आणा, कुणी म्हणे गोलकीपर बदला. खरं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. चेंडू देशमुखांचा, म्हणून पुढं खेळायचा मान त्यांच्या जाडजूड पुतण्याचा. तेवढ्यात देशमुखच दारात आले. सगळे उठले, संघाचा कप्तान असलेला माझा थोरला भाऊ तेवढा बसून राहिला आणि म्हणाला, "मालक, पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल तुमचा, बराबर हाय. पन इथं पळनारा पुढं पाहिजे. तुमचा पुतण्या जागचा हालत न्हाई, मग त्याला मान काहून?" देशमुख चेंडू काखेत मारून चालते झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही गोणपाटात कापूस ठासून चेंडू शिवला आणि खेळायला उतरलो. थोड्या वेळानं पुतण्या एकटाच आला. "मला कुठं उभं करता?" त्यानं विचारलं. "मागं," भाऊ म्हणाला. तो मागं जाऊन उभा राहिला. पुढचा सामनाही आम्ही हरलोच. पण हरलेला तो संघ आमचा होता, देशमुखांचा नव्हता, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगतो.