रुंद काठाची पिवळी साडी

अमरावतीत साड्या विकता विकता डोक्यावरचे केस गेले, पण किस्से काही जात नाहीत. साडीची घडी पुन्हा घालता येते. किस्सा एकदा उलगडला की चहा संपेपर्यंत गिऱ्हाईक उठत नाही!

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त चालणारा शब्द 'बारीक'. "भाऊ, बारीक दिसीन अशी दाखवा." मी शिकलो जेमतेम दहावी, पण एवढं कळतं की साडेपाच मीटर कापड गुंडाळून कोणी बारीक होत नसतं!

काउंटरवरच्या आमच्या शोभाताई अंगानं भरलेल्या. नांदगाव खंडेश्वरच्या एका बाईंनी लालभडक साडी खांद्यावर टाकून त्यांना विचारलं, "यात मी जाड दिसते का हो?"

शोभाताई म्हणाल्या, "बाई, तुमी दिसता! मघाच्या त्या मातकट साडीत तर दिसतच नव्हत्या."

लालभडक बांधली गेली.

बडनेऱ्याचे एक साहेब काचेतल्या पुतळ्याकडे बोट करून बायकोला म्हणाले, "अशी फिगर पाह्यजे!" मी पुतळा फिरवला. ब्लाउजला मागून अकरा टाचण्या! म्हटलं, "साहेब, याले बी रेडिमेड बसत नाही." बायको अशी हसली, की साहेबांनी स्वतःच चहा मागवला.

अन् वलगावची पल्लवी. लग्नाच्या बस्त्याला आली होती. सोबत आत्या, अन् अकोल्याहून आलेल्या होणाऱ्या सासूबाई. पोरीचा जीव रुंद काठाच्या पिवळ्याधमक साडीवर. आत्या ऐकेना.

"तुले रुंद काठ? मांडवात मावशीन का? ती मरून रंगाची घे, बारीक दिसशीन."

पल्लवीनं साडीवरचा हात काढून घेतला, मान खाली घातली. सासूबाईही पल्लवीसारख्याच भरलेल्या. त्यांच्या अंगावर चॉकलेटी साडी.

आमच्या धंद्याची रीत अशी, की विकणाऱ्यानं साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवायची. मी नव्वद किलोचा. गादीवर उभा राहिलो, पिवळीच्या निऱ्या पोटावर खोचल्या, पदर खांद्यावर टाकला.

"अगं माय! काय झकास दिसून राह्यली!" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

पल्लवीनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग आत्याकडे. "आत्या, काकाच्या पोटावर झकास, अन् माया पोटावर काहून नाही वं?"

मी आपला पदर धरून उभा.

सासूबाईंनी हात लांब करून पिवळा काठ बोटांत धरला. म्हणाल्या, "भाऊ, सुनेची तर बांधाच. पण अशीच अजून एक हाय का? मले पाह्यजे."