एकोणीस नंबरचा ओळंबा

सुरैय्याच्या दुकानात एका वेळी एकच वस्तू असायची. शारजात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, शिंपी आणि मोबाइलवाला यांच्या मधोमध, जेमतेम एक मोटार मावेल एवढी जागा. आत एक बाई, एक लाकडी ठोकळा, रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि पाण्याची बादली. तिचा नवरा घोड्यांच्या तबेल्यात खोगिरं शिवायचा. तो वारल्यावर ती हैदराबादला परतली नाही. त्याची हत्यारं घेऊन कमरेला लावायची चामड्याची होल्स्टरं करायला बसली. पिस्तुलांची नव्हे. हातोडी, पाना, कात्री, ड्रिल, ज्याला दिवसभर जे हाताशी लागतं त्याची.

ती चामडं कोमट पाण्यात भिजवायची आणि ओलं असतानाच वस्तूवर चढवायची. मग अंगठ्याने दाबत, हाडाच्या तुकड्याने घासत बसायची, आणि तीन दिवस ते सावलीत सोडून द्यायची. वाळेपर्यंत चामड्याला ती वस्तू पाठ झालेली असे. शुक्रवार सुट्टी. आठवड्यात दोन होल्स्टरं, तिसरं नाही.

"मैं अकेली हूँ साब. दो हाथ हैं, दोइच होल्स्टर बनते."

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला यादी होती. नाव, फोन, वस्तू, डावी कंबर की उजवी. आगाऊ पैसे ती घेत नसे. नंबर आला की वस्तू आणि कंबर दोन्ही घेऊन यायचं, त्याआधी नाही. आणि यादीतलं नाव खोडलं जायचं ते फक्त त्या माणसाने स्वतः सांगितलं तर.

सप्टेंबर २००८मध्ये उल्हास टिपणीसने नाव लिहिलं तेव्हा त्याचा नंबर सदुसष्ट होता. वस्तू: ओळंबा. कंबर: उजवी.

"ये क्या लट्टू है?" सुरैय्याने विचारलं होतं.

"लट्टू नाही, आपा. दीवार सीधी है के नहीं, ये बताता है."

"और टेढ़ी निकली तो?"

"तो मैं बताता हूँ. फिर सब मुझपे चिल्लाते हैं."

ती हसली आणि तिने लिहिलं, 'लट्टू, पीतल.'

उल्हास जुमेरा लेक टॉवर्समधल्या इमारतींवर क्वालिटी इन्स्पेक्टर होता. सगळ्यांकडे लेझर होते, त्याच्याकडेही होता. पण लेझरने माप घेतल्यावर तो पँटच्या खिशातून अर्ध्या किलोचा पितळी ओळंबा काढायचा आणि तो स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा. कोथरूडच्या पहिल्या साइटवर मुरलीधर मिस्त्रीने तो त्याला दिला होता. "साहेब, पुस्तकातलं झालं असेल तर आता हे धरा," एवढंच म्हणून. सतरा वर्षं तो खिशातून लटकला, आणि सतरा वर्षं खिसे फाटले. ते त्याच्या बायकोने, मनोरमाने, शिवले.

दुबईत येऊन अकरा वर्षं झाली होती. करामा भागातला फ्लॅट कंपनीचा, सोफा आधीच्या भाडेकरूचा, पडदे त्याच्याही आधीच्या कुणाचे. सेफ्टी शूजसुद्धा अर्ध्या नंबराने मोठे, पुढे बोळे कोंबून घातलेले. त्याच्या मापाचं म्हणून या देशात काही झालंच नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी दोरी घेऊन त्याची कंबर मोजणार होतं.

"एकशेवीस दिरहम," तो घरी म्हणाला. "म्हणजे जवळजवळ पंधराशे रुपये."

"ओळंब्याला म्यान!" मनोरमा म्हणाली. "आणि तलवार कधी येणार?"

सव्वीस फेब्रुवारीला, गुरुवारी, त्याला नोकरी संपल्याचं पत्र मिळालं. मंदीत टॉवर बाविसाव्या मजल्यावर थांबला होता आणि त्याबरोबर तोही. मुलीची, काव्याची, सहावीची परीक्षा मार्चमध्ये संपत होती, म्हणून सत्तावीस मार्चची पुण्याची तिकिटं काढली. त्या रात्री तो नीट जेवला नाही. शनिवारी उठून शारजाला गेला, आपला नंबर सरकत कुठवर आलाय ते बघायला. सदुसष्टचा एकोणीस झाला होता.

परत येताना बसमध्ये त्याने हिशेब मांडला आणि त्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. चार आठवडे, आठ होल्स्टरं. पुढे अठरा माणसं. स्वतःचा नंबर त्या आठांत बसवायचा तर अकरा जण गळायला हवे होते. आणि माणसं गळत तर होतीच. रोज, टॉवरच्या टॉवर. फक्त कुणी सुरैय्याला कळवत नव्हतं.

पुढच्याच थांब्यावर उतरून तो मागे गेला आणि त्याने सुरैय्याकडे यादी मागितली.

"लिख लो," ती म्हणाली. "मगर नाम मैंच काटूँगी. उसकी ज़बान से सुनूँगी, तब."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तो फोन लावायला बसला. काव्या लाल पेन घेऊन शेजारी.

पहिलाच उचलला गेला तो थेट मंगळुरात. "होल्स्टर? भाईसाब, मैं तो मामा की बेकरी में बैठा हूँ. अब पाव काटता हूँ. काट दो, काट दो!" उल्हासने त्याला लगेच सुरैय्याचा नंबर दिला, दहा मिनिटांनी तिला फोन करून खात्री केली. खोडलं.

"वन डाउन!" काव्या ओरडली. "बाबा, धिस इज लाइक अ गेम."

दुसरा कोचीत. तिसऱ्याचा फोन बंद. चौथा अजून इथेच, घोगऱ्या आवाजात "हबीबी, आय अ‍ॅम व्हेरी मच हिअर" म्हणाला. पाचव्याने आधी विचारलं, "तुम बँक से बोलते?" आणि नाही म्हटल्यावर आनंदाने नाव सोडलं. आठवडाभरात सात गेले. उल्हासच्या गालांवर रंग आला. नोकरी गेलेला माणूस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता.

"अहो, माणसं देशोधडीला लागतायत," मनोरमा म्हणाली, "आणि तुम्ही टाळ्या काय वाजवता?"

"मीही त्यांच्यातच आहे ना."

"म्हणूनच म्हणते. तुमच्यामागे कुणी टाळ्या वाजवल्या तर?"

त्याने पेनाचं टोपण लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा काढलं.

ज्यांचे फोन बंद होते त्यांच्याकडे तो स्वतः गेला. एका खोलीत रिकामी कॉट आणि भिंतीवर कुणाचं तरी वेळापत्रक. खोलीतल्या सोबत्याने बंगालमधल्या घरचा नंबर दिला. तिथून माणूस सापडला आणि तो स्वतःच सुरैय्याशी बोलला. असे तीन. आधीचे सात धरून दहा. बाकीचे सात ठाम होते आणि एकेकाचं काम होऊन ते यादीतून रीतसर उतरत होते. उरला होता अठरा नंबर, त्याच्या लगेच पुढचा. महादू. वस्तू: पाना. फोन लागत नव्हता.

हा एक गेला की झालं.

जबल अलीला महादूच्या कामगार-कॅम्पवर तो दुपारी पोचला. कंपनीच्या बसेस ओळीने उभ्या होत्या, धुळीने काचा पांढऱ्या झालेल्या. दोनशे माणसं कामावर न जाता सावली शोधत बसलेली. त्याने पहारेकऱ्याला महादूचं नाव सांगितलं तर मागूनच आवाज आला.

"मीच महादू. कोण आपण?"

पन्नाशीचा, आखूड बांध्याचा माणूस, क्रेनने वर आलेलं लोखंड उंचावर जोडणारा. सांगलीकडचा. उल्हासने ओळख सांगितली, यादीचं सांगितलं.

"म्हंजे मी गेलोय का न्हाई ते बघाय आलाय व्हय?" महादू म्हणाला.

उल्हासने मान डोलावली.

"न्हाई गेलो. दोन म्हैने पगार न्हाई, पर हाय." तो हसला. "बसा की. चहा हाय, दूध न्हाई."

काळा चहा पिताना उल्हासने खिशातून ओळंबा काढून दाखवला. महादूने तो हातावर तोलला, दोरी धरून सोडला आणि दोघंही तो थांबेपर्यंत बघत राहिले.

"चांगलाय," महादू म्हणाला. "पर साहेब, नंबर मी सोडणार न्हाई. तुमचा ह्यो खिशात ऱ्हाईला तर खिसा फाटंल. माझा पाना चाळीस मजल्यावनं सुटला तर खाली एक माणूस जातो. एकदा सुटला हुता. गेलं न्हाई कुणी, पर त्या दिवसापास्नं मी दोरीनं बांधतोय आन् दोरी दर म्हैन्याला तुटतीय."

"आता तर काम नाही तुम्हाला."

"हितं न्हाई. गुजरातला मुंद्र्याच्या बंदरात क्रेन हायत. जाईन तवा पाना घिऊनच जाईन."

परतीच्या बसमध्ये उल्हासने यादी घडी करून खिशात घातली. ओळंब्याशेजारी. ओळंबा कुणाच्या बाजूने झुकत नाही, ही त्याची सगळ्यात त्रासदायक सवय.

दोन दिवसांनी त्याचा फोन वाजला. तरुण मुलीचा आवाज, मराठी, कडेकडेने इंग्रजी.

"हॅलो, टिपणीस अंकल? मी आभा. जुमेरा लेकला फिट-आउटचं, म्हणजे आतल्या सजावटीचं काम करते. मला सुरैय्या आपाच्या लिस्टवरून नंबर मिळाला. आय अ‍ॅम नंबर ट्वेंटी. सॉरी हं, विचारायला ऑकवर्ड आहे, पण... तुम्ही गेलात का?"

उल्हासने फोन कानापासून दूर धरला आणि इतका हसला की मनोरमा स्वयंपाकघरातून आली.

"नाही गं बाई," तो म्हणाला. "आहे अजून. तुझं काय ठेवायचंय?"

"लेझर मीटर."

"अरे देवा! माझा ओळंबा."

"शट अप! खरंच? माझे बाबा म्हणतात ओळंबा म्हणजे... आय हॅव नेव्हर सीन वन, अंकल."

चोवीस मार्चला, मंगळवारी सकाळी, महादूचा नंबर आला. तो पाना ठेवून, कंबर मोजून गेला. ती शेवटची जागा होती. गुरुवारी ते होल्स्टर वाळणार, शुक्रवारी उल्हासचं विमान. संपलं. उल्हासने ते मान्य केलं आणि पुस्तकांचे खोके बांधत बसला.

बाराच्या सुमारास महादूचा फोन. कुणाच्या तरी मोबाइलवरून, मागे गलका.

"साहेब, तिकिटं वाटली. आज सांजेला सगळ्यास्नी पाठवत्यात. बाईंना आत्ताच सांगितलं, माझं नाव खोडा म्हणून. तुम्ही ओळंबा घिऊन पळा. यल्ला!"

उल्हास पळालाच. खोके तसेच उघडे. बस मिळेना म्हणून टॅक्सी केली, जी अकरा वर्षांत शारजासाठी त्याने कधी केली नव्हती. मांडीवर ओळंबा. त्याचं काळीज असं धडधडत होतं की मुलगी झाली त्या दिवशीही धडधडलं नसेल. ड्रायव्हर म्हणाला, "अस्पताल?" तो म्हणाला, "नहीं, चमड़ा!"

सुरैय्या हातात लाल पेन्सिल घेऊन उभी होती. ठोकळ्यावर महादूचा पाना, शेजारी कापून ठेवलेलं कोरडं चामडं. बादलीतून वाफ येत होती.

"उसने ख़ुद बोला, काटो," ती म्हणाली. "तुम आ गए. अब चमड़ा भिगोने की देर है. बोलो साब, लट्टू के पाना?"

उल्हासने पान्याकडे पाहिलं. मुठीच्या जागी तो झिजून चकचकीत झाला होता. टोकाच्या भोकात तुटक्या दोरीची गाठ अजून होती.

"हे इथेच राहिलं तर त्याला कोण देणार?" तो मराठीतच म्हणाला, आणि मग तिला कळावं म्हणून, "पाना, आपा. उसका नाम मत काटो. मैं ले जाऊँगा. मुंद्रा तक ले जाऊँगा."

"और तुम्हारा?"

"माझं... रहने दो."

"कैकू रहने दो?" ती एकदम चिडली. पेन्सिल कानामागे खोवली. "तुम बोले क्या मुझे, काटो? नहीं बोले ना? तो नंबर तुम्हाराइच है. इधर आओ. सीधे खड़े रहो. साँस मत खींचो, पेट है तो है."

तिने ओळंब्याचीच दोरी सोडवली, त्याच्या कमरेभोवती फिरवली, आणि जिथे टोक आलं तिथे एक घट्ट गाठ मारली. मग ओळंबा उचलून खिडकीतल्या खिळ्याला टांगला. तिच्या दुकानात पहिल्यांदाच एका वेळी दोन वस्तू होत्या.

"शनिवार को करूँगी. ले जाएगा कौन, वो तुम देखो."

तो दुकानाबाहेर आला, भर उन्हात फुटपाथवर उभा राहून त्याने आभाला फोन लावला. तिने 'हॅलो' म्हणायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं.

"वेट, वेट, अंकल. म्हणजे तुम्ही जाणार, पण लिस्टवरून जाणार नाही?"

"बरोब्बर!"

"दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली आणि हसायला लागली. "मे महिन्यात आम्ही पुण्याला येतोय, आजीकडे. मी आणते. पण एक अट. तो कसा वापरतात ते शिकवायचं."

शुक्रवारी विमानतळावर महादूचा पाना सामानात गेला. गुरुवारी जाऊन आणलेलं त्याचं होल्स्टर मात्र उल्हासने कमरेला लावलं, उजव्या बाजूला, रिकामं. महादूची कंबर बारीक होती, पट्टा शेवटच्या भोकात बसला. तपासणीच्या अधिकाऱ्याने ते काढायला लावलं, आत बोट घातलं, आतल्या आकारावरून फिरवलं. "स्पॅनर?" त्याने विचारलं. "स्पॅनर," उल्हास अभिमानाने म्हणाला.

व्हिसा रद्द झाला होता. फ्लॅटची किल्ली, वीज, बँकेचं खातं, काव्याच्या शाळेचं ओळखपत्र, सगळ्यांवर शिक्के बसले होते. रांगेत मनोरमाने हळूच विचारलं, "झालं ना सगळं? काही राहिलं नाही ना?"

"राहिलंय की," तो म्हणाला. त्याचा चेहरा तिने इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता. "एक नंबर राहिलाय. आणि उद्या तो पहिला आहे!"