मगदूम बाईंचा तास

मगदूम बाई गेल्याची बातमी मला वर्गाच्या दारात कळली. दहावीची सराव परीक्षा चालू होती, मी पर्यवेक्षणाला होते. शिपाईमामा दाराशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, मगदूम बाई गेल्या. घरीच, झोपेत." मी मान हलवली. एका मुलीला पुरवणी हवी होती, ती दिली. घंटा होईपर्यंत बाकांमधून फिरत राहिले... रडू आलं नाही. आता महिना उलटला, अजूनही आलेलं नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. दहावी वर्षानुवर्षं बाईंकडे. भिंगाचा धडा आला की त्या पोरांच्या हातात भिंगं देऊन त्यांना मैदानात उन्हात उभं करायच्या. कागद जळेपर्यंत काही बोलायच्या नाहीत. जळला की विचारायच्या, "का?" उत्तर यायला कधी अख्खा तास जायचा आणि पोर्शन मागं पडायचा. एका पालकसभेत शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणारे एक वडील उठले. "बाई, तुमचं शिकवणं चांगलं हाय. पण परीक्षेला येतंय तेवढंच घ्या की. पोरीचा डिप्लोमाला नंबर लागाय पायजे." ते चिडून बोलत नव्हते. बाई म्हणाल्या, "तुमचं बी खरं हाय," आणि खाली बसल्या.

पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी दहावी मला दिली, बाईंना आठवी. त्या दुपारी मी डबा उघडून नुसतीच बसले होते. त्याच म्हणाल्या, "अगं, जेव की. आठवीला बोर्ड न्हाय, बरंच झालं." त्यांच्या डब्यातली भाजी मात्र तशीच राहिली.

दोन वर्षांनी बाईंच्या हाताखालची ती आठवीची पोरं माझ्याकडं दहावीला आली. मी फळ्यावर अपेक्षित प्रश्न लिहायला लागले की कुणीतरी विचारायचंच, "पण असं का होतं?" निकाल दरवर्षीसारखाच लागला, चढला नाही की घसरला नाही. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "इचारत होती न्हवं? मग झालं."

शाळा चालू आहे. आठवीला नवे सर आलेत. परवा शाळा सुटल्यावर मी निघाले होते, तर आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. "बाई, प्रयोगशाळा कोण उघडणार? मगदूम बाई रोज सुटल्यावर उघडायच्या." मला हे माहीतच नव्हतं... मी रोज शाळा सुटली की पहिल्या बसनं निघून जायचे. तिच्या मागं आणखी चारपाच जणं दप्तरं घेऊन उभी होती. मी खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली आणि किल्ली मागायला ऑफिसकडं गेले.