मॅडमची शाळा

मॅडम गेल्या तेव्हा आम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्या मूळच्या आर्मेनियाच्या, तरुणपणी भाषांच्या अभ्यासासाठी नागपुरात आल्या आणि इथल्याच झाल्या. मनीषनगरमधल्या त्यांच्या घरी मी लहानपणी शिकवणीला जायची.

महिन्याभरानं तिकडून त्यांची भाची आली. चहा घेताना इंग्रजीत म्हणाली, "मला मावशीची शाळा बघायचीय."

"कुठली शाळा?"

"तिनं इथे काढलेली. आमच्या विद्यापीठात अजून तिची पुस्तकं शिकवतात. पण तिला कायमचं परत बोलावलं, की म्हणायची, माझी शाळा कोण बघेल?"

शाळा नव्हतीच. बैठकीत अंथरलेली सतरंजी, आम्ही सातआठ जण आणि मॅडम. आणि पुस्तकं? त्या पुस्तकं लिहितात हेही आम्हाला कधी कळलं नव्हतं. मी माझ्यासोबत शिकलेल्या दोघांना बोलावून घेतलं. एकाचं नागपूरच्याच महाल भागात औषधांचं दुकान आहे, दुसरा काटोलचा संत्र्याचा व्यापारी.

"ती काय शिकवायची?" भाचीनं विचारलं.

"इंग्रजी," दुकानदार म्हणाला.

"काहून गा? मले तं मराठीचं व्याकरण शिकवलं त्यायनं!" व्यापारी म्हणाला.

मला तर भूमितीच आठवत होती.

भाची मात्र मध्येच दचकली. "काहून म्हणजे काय?"

"का, कशासाठी."

"मावशी घरी यायची तेव्हा सारखी म्हणायची. आम्हाला वाटायचं, तिच्या आजोळच्या बोलीतला शब्द असेल."

आम्ही हसलो. मग व्यापाऱ्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

तिकडे मॅडमच्या गावात त्यांच्या नावाचा स्मारकाचा दगड बसवणार होते. त्यावर नागपूरची एक ओळ हवी, असं भाची म्हणाली. दुपारभर आमचा वाद चालला. 'नागपुरात शाळा चालवली' असं लिहावं, तर ते खरं का, हेच मला ठरवता येईना.

"शाळाच होती नं वं ते," व्यापारी म्हणाला. "आणखी काय असते शाळा?"

शेवटी तीच ओळ दिली.

गेल्या आठवड्यात दगडाचा फोटो आला. त्यांच्या लिपीत तीन ओळी कोरल्यात. आमची कोणती, ओळखू येत नाही.

"काय लिहिलंय?" दुकानदारानं फोनवर विचारलं.

"विचारते," म्हटलं. अजून विचारलेलं नाही; तोवर तिन्हीतली कुठलीही आमची असू शकते.